दोन बाळं, एक पेटी

चार हजार वर्षं हाती लागली तर लालासाहेबाला डॉक्टरेट मिळणार होती, आणि ती मिळाली की सासरा त्याला ‘खड्डे खणणारा जावई’ म्हणायचा थांबणार होता. एकोणीसशे सेहेचाळीस साली ती चार हजार वर्षं येरळेच्या काठी, शिंपल्यांच्या उंचवट्यात होती. नदीतले शिंपले खाऊन कुणा आदिमानवांनी टरफलं तिथंच टाकली होती. गाव त्याला ‘भुताची उष्टी’ म्हणे. लालासाहेबानं गाळाचे पट्टे मोजून, गारगोटीची पाती बघून तळच्या थराचं वय काढलं होतं.

“आमचं लालासाब शिंपला हुंगून साल सांगत्यात,” खोदणारा गुंडा म्हणायचा.

त्या सकाळी उताराशी, जिथं तळचा थर हातभरच खोल होता, तिथं दोन तान्ह्या बाळांचे सांगाडे निघाले. शेजारी शेजारी, कुशीवर, गुडघे पोटाशी. लालासाहेबानं आनंदानं मोजपट्टी दोनदा लावून बघितली.

पाटी उचलायला आलेली धोंडुबाई कडेलाच खाली बसली.

“ह्यातलं एक माझं हाय.”

गुंडाची कुदळ थांबली.

“देवीच्या साथीत गेलं. अकरा वरसं झाली. भुई दगडागत, आन मी एकटी. हितं शिंपलं हातानं बी निघत्यात.” ती दुसऱ्या सांगाड्याकडं बघत राहिली. “शेजार हाय, हे ठावं असतं तर इतकी रडले नसते.”



“माझं कंचं, तेवढं सांगा. तुमाला वरसं मोजता येत्यात न्हवं?”

लालासाहेब उकिडवा बसला. शिंपल्यांच्या चुन्यानं दोघांची हाडं सारखीच पांढरी झाली होती. तिनं उकरलेलं केव्हाच ढासळून बुजलं होतं, खूण उरली नव्हती. त्याला एवढंच दिसलं, की डाव्या बाळाची कवटी अखंड आहे आणि उजव्याची फुटली आहे.

त्यानं उजवीकडं बोट दाखवलं.

“नक्की?”

“थर खोटं बोलत नाही, मावशी.”

धोंडुबाईनं फुटकं बाळ पदरात घेतलं, पलीकडं बाभळीखाली पुरलं. वाटीभर शेळीचं दूध आणून वर ओतलं. अर्धंच ओतलं.

ती परत आली तेव्हा गुंडा अखंड बाळाच्या, पुण्याला जायच्या पेटीच्या झाकणाला खिळे ठोकत होता. हिशेब जुळला होता : चार हजार वर्षं पेटीत, अकरा वर्षं मातीत.

तिनं वाटी पेटीवर ठेवली.

“पुण्यापतुर लय लांब हाय, लालासाब. वाटंत रडलं तर पाजा.”