तेवीस नोव्हेंबरचा शब्द

विश्वनाथरावांनी ओल्या फडक्याने फळ्यावरचा एकच शब्द पुसला आणि ते मागे सरून उभे राहिले.

नागपूरच्या रामदासपेठेतल्या या वाचनालयात रोजचा 'दिनविशेष' लिहिण्याचे काम त्यांनी निवृत्तीनंतर मागून घेतले होते. आजची तारीख तेवीस नोव्हेंबर. १९७१ : चीनचे प्रतिनिधी सुरक्षा परिषदेत प्रथमच बसले. २००३ : जॉर्जियाच्या अध्यक्षांचा राजीनामा. २०१९ : मुंबईत मुख्यमंत्र्यांचा सकाळी शपथविधी. मधल्या १९९४च्या ओळीत आता भोक पडले होते.

"सर, 'पहाटेचा शपथविधी' लिहा नं," ग्रंथपाल प्रेमानंद म्हणाला.

"शपथ झाली तेव्हा ऊन पडले होते."

"पडलं असन. महाराष्ट्र तं झोपूनच होता!" प्रेमानंद हसला, मग त्याचे लक्ष त्या भोकाकडे गेले. "अन् 'चेंगराचेंगरी' काहून पुसली? पेपरात दरसाली तोच शब्द येते."

विश्वनाथराव याच प्रश्नाची वाट पाहत होते.

"मारामारी कोण करतो? दोघेही. ओढाओढी? दोघेही. मग चेंगराचेंगरी कोणी केली? मेलेल्यांनी, एकमेकांची! शब्दानेच पंचनामा उरकला, प्रेमानंद, आणि आरोपी म्हणून प्रेतांनाच उभे केले."

आदिवासींच्या सवलतींची मागणी घेऊन गोवारी समाजाचा मोर्चा १९९४च्या त्या दिवशी नागपूरच्या विधानभवनाकडे आला होता. त्यातली शंभराहून अधिक माणसे घरी परतली नाहीत. बायका आणि लेकरेच फार. त्यांत बायजाबाई होती. तिचा मुलगा देवराव दरवर्षी या तारखेला हिंगण्याच्या कारखान्यातून सुटी काढी, त्या मृतांच्या स्मारकावर फूल वाही आणि मग वाचनालयात येऊन ही एक ओळ उभ्या उभ्या वाची. वाचून झाली की त्याचे खांदे खाली येत. दुःखाने माणूस असाच खचतो, असे विश्वनाथरावांना वाटे. त्याच्या आईवरचा आरोप आपण आपल्याच हाताने, वळणदार अक्षरात, वर्षानुवर्षे लिहीत आलो, हे यंदा त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांना ते सहन होईना.

त्यांनी उरलेली ओळही पुसली, खडू उचलला आणि लिहिले : 'शंभराहून अधिक गोवारी चिरडले गेले.'

देवराव आला तेव्हा खडूची भुकटी त्यांच्या बाहीवरच होती. हेल्मेट काखेत धरून तो फळ्यापुढे उभा राहिला. ओठ हलले, थांबले. पुन्हा पहिल्यापासून हलले. खांदे मात्र खाली आले नाहीत.

"तो शब्द कुठं गेला, सर?"

"पुसला. तुझ्या आईवर अन्याय होत होता त्यात." विश्वनाथरावांनी खडूने नव्या ओळीकडे दाखवले. "तिने कोणालाही चेंगरले नव्हते. आता पाहा, वाक्यात कर्ता मुद्दामच ठेवलेला नाही. वाचणाऱ्याला प्रश्न पडलाच पाहिजे, 'चिरडले कोणी?'"

देवरावने हेल्मेट टेबलावर ठेवले.

"पडला, सर," तो म्हणाला. "मी दहा वर्साचा होतो. श्वास घ्याले जागा नव्हती. कायच्या तरी वर चढलो, म्हणून तोंड वर राहिलं, म्हणून वाचलो. गर्दी पांगल्यावर खाली पाह्यलं, तं माय होती."

प्रेमानंदने हातातले वर्तमानपत्र हळूच घडी करून ठेवले.

देवरावने टेबलावरचे ओले फडके उचलले आणि विश्वनाथरावांपुढे धरले.

"जुनाच लिहा, सर. त्या शब्दात सारेच होते. ह्या वाक्यात मी एकलाच उरतो."