संध्याकाळची गुणगुण

कारागिराने दिवा मालवला, पडदा ओढला आणि तबकडीवर सुई टेकवली. अंधारात कान उघडतात, असं त्याचं म्हणणं होतं. तयार झालेली प्रत्येक प्रीअँपची पेटी तो शेवटी अशीच, काळोखात मांडी घालून ऐकायचा.

स्पीकरमधून एका लहान मुलीचा आवाज आला. ती सातचा पाढा म्हणत होती. साती साती एकोणपन्नासला अडखळली, हसली, म्हणाली, "बाबा, आता पुरे ना?" तेवढ्यात तबकडी संपली.

"काका, आली का हो गुणगुण?" पेटी परत घेऊन आलेल्या काकांना त्याने विचारलं.

"इथे नाही येत," काका म्हणाले. "घरी येते. मी काय खोटं बोलतोय?"

काका खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, आणि अर्ध्या शहराला ते नुसत्या 'हॅलो'वरून ओळखायचे. अशा माणसाला 'भास होत असेल' म्हणून वाटेला लावता येत नाही.

शिवाय ही पेटी कारागिराची लाडकी होती. सुईतून निघणारा आवाज अगदी क्षीण असतो, तो ऐकू येण्याइतका मोठा करायचा, एवढंच तिचं काम. पण त्यासाठी त्याने जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर शोधले होते. काचेचे, वरून काळा रंग दिलेले, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. आवाजाला ते सायीसारखा मऊपणा आणतात. उकाडा मात्र त्यांना सोसत नाही, म्हणून पेटीला जाळीचं झाकण. ढिगाऱ्यातून दोन जुळणारे मिळाले, की पुन्हा हरवू नयेत म्हणून तो दोघांच्या अंगावर दाभणाने एकेक रेघ ओढायचा. बायको याला लग्न लावणं म्हणायची.

"पुन्हा नीट सांगा," तो म्हणाला. "केव्हा येते?"

"दिवस कलला की मी घरात एकटाच खुर्चीत बसतो. आधी इतर रेकॉर्डी लावतो, शेवटी हिची. कधीतरी मध्येच गुणगुण सुरू होते. बारीक, एका सुरात. मग ती हिच्या पाढ्यातही येते. ऐकता ऐकता माझा डोळा लागतो. जागा होतो तेव्हा गेलेली असते."

"रोज?"

"रोज कुठली! चार-आठ दिवसांनी."

शेजारचा फ्रीज, लिफ्टची मोटर, भिंतीतली तार, कारागिराने सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. एकदा भर सकाळी काकांच्या घरी जाऊन बसलाही होता. पेटी गुणी मुलासारखी वागली.

"एवढं मनाला का लावून घेता?" त्याने विचारलं. "थोडी गुणगुण चालायचीच."

"नाही चालायची." काकांचा आवाज चढला, मग उतरला. "जत्रेत आवाज भरून देणाऱ्या एका खोक्यात बसून केलेली तबकडी आहे ती. लेकीचा तेवढाच आवाज उरलाय माझ्याकडे."

"अरेरे," कारागीर पुटपुटला.

"तसं नाही हो, आहे ती. याच शहरात आहे. लग्नावरून वाजलं आमचं. रागाच्या भरात मी म्हणालो, या घरात तुझा आवाज पुन्हा ऐकू येता कामा नये. माझीच पोर, माझ्याइतकीच हट्टी. त्यानंतर फोनसुद्धा नाही. घराची किल्ली तेवढी तिच्याकडे राहिली."

"मग तुम्ही करा की फोन. उभा जन्म दुसऱ्यांना जोडून देण्यात गेला तुमचा."

"रोज नंबर फिरवतो. शेवटचा आकडा सोडून." काका हसायला गेले, पण जमलं नाही. "तिने मला मनातून काढूनच टाकलं असेल तर? ते तिच्याच तोंडून ऐकायची हिंमत नाही माझ्यात."

कारागिराला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. त्याने तबकडी पुन्हा लावली. मुलगी पुन्हा सातच्या पाढ्यात शिरली. खोलीभर तिचा आवाज तरंगत राहिला, आणि दोघं पुरुष तो कुठे फुटू नये असे निश्चल बसून राहिले.

दार उघडलं. "अहो, घुबडासारखे काय बसलात काळोखात? चहा सांडेल," म्हणत कारागिराच्या बायकोने दिवा लावला. मग तिचं लक्ष काकांकडे गेलं. "काका, कोटाचं बटण छान लावलंय हं. दोऱ्याचा रंगसुद्धा जुळवलाय."

"धोब्याने लावलं असेल," काका म्हणाले आणि एकदम ताठ झाले. "आली! हीच ती!"

स्पीकरमधून बारीक, एका सुरातली गुणगुण येत होती.

कारागिराने दिव्याकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं. जाळीवर तळहात धरला. गुणगुण गेली. हात काढला. आली. त्याने झाकण उचलून भिंग लावलं. एका ट्रान्झिस्टरवर त्याचीच दाभणाची रेघ जरा खोल गेली होती. काळा रंग उडून आतली काच दिसत होती.

"चूक माझीच," तो म्हणाला. इतक्या दिवसांचं ओझं उतरल्याने त्याला हसू आवरेना. "रंग उडाला, की याच्या आत उजेड शिरतो. उन्हाने काही ऐकू येत नाही, पण दिव्याचा उजेड विजेबरोबर थरथरतो. तीच थरथर स्पीकरमधून येते. मी मेला दरवेळी अंधारात ऐकत बसलो, कळणार कसं? पाच मिनिटांत बदलून देतो. पुढे कधी झालंच असं, तर खोलीतला दिवा बंद करायचा, की संपलं."

सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवून तो नवा ट्रान्झिस्टर शोधू लागला.

"दिवा," काका म्हणाले. "माझ्या घरात?"

"हो, दिवा. दुसरं काही—" कारागिराचा हात डब्यातच थांबला.

काकांनी कोटाचं बटण चाचपलं, मग पेटी आपल्याकडे ओढली आणि छातीशी धरली.

"नका बदलू," ते उठत म्हणाले. "अंधार पडायच्या आत घरी पोचायचंय मला."