मामांचे डोळे

शेवटचाही अल्बम पाहून झाला आणि हेमांगी वैतागली. मामांच्या तेराव्याला मांडायला एक धड फोटो मिळत नव्हता. मुंज असो, बारसं असो, प्रत्येक फोटोत मामा खदखदून हसत होते आणि डोळे घट्ट मिटलेले.

"एकदा तरी नीट बघायचं होतं ना, मामा!" ती फोटोवरच ओरडली. आईवेगळ्या भाचीला त्यांनी लहानाची मोठी केली होती, आणि आता तिला त्यांची नजरसुद्धा सापडू नये?

शेवटी स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे बसवून दिले. ती फ्रेम घेऊन घरी आली. मामीने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"कोण गं हे?"

हेमांगी भडकली. "आता तू तरी नावं ठेवू नकोस, मामी! किती पायपीट केली मी. मिटल्या डोळ्यांचा फोटो लावला तर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड. लहानपणी फोटोग्राफर दिसला की तू भोकाड पसरायचीस. तुला हसवायला हे आधी स्वतः हसायचे, पोट धरून. पुढे ती सवयच जडली त्यांना."

हेमांगीने पुन्हा अल्बम ओढला आणि आपल्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो शोधून काढला. मामांच्या कडेवर ती खुदखुदत होती. तिने तोच फ्रेममध्ये बसवला आणि पिशवीतून हार काढला.

मामीने तिचा हात धरला.

"याला हार नाही घालायचा. यात तू आहेस."