जेवलीस का गो?

रोह्याची नर्स सरू बऱ्या न होणाऱ्या पेशंटच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं हलकं करायची. वरसे गावच्या हैबतकाकांना तिने "दुखतंय का?" विचारलं, की ते उलट तिलाच विचारायचे, "जेवलीस का गो?" एकटीसाठी कोण रांधतंय? ती खोटंच "व्हय" म्हणायची.

काकांच्या दहाव्याला पिंडाला कावळा काही शिवेना. थोरल्याने जमीन न विकायचा शब्द दिला, धाकट्याने आईला सांभाळायचा. मागे उभी असलेली सरूही हात जोडून काहीतरी पुटपुटली, आणि कावळा खाली उतरला.

"बाबांचा जीव आईतच अडकला होता," धाकटा म्हणाला. सगळ्यांना पटलं.



सरूने घरी येऊन, दिल्या शब्दाप्रमाणे, एकटीपुरता भात टाकला.