वाडीचे दोन ठिपके

"साहेब, ह्यात आमची वाडी कुठं हाय?"

बाळाबाईनं लॅपटॉपच्या पडद्याकडे बोट केलं आणि नागेंद्र उगाच माउस हलवू लागला. बाळाबाई त्याची सख्खी आत्या. आईमागं हिनंच त्याला लहानाचा मोठा केला. आज ती त्याला चारचौघांत साहेब म्हणत होती. जीपमधून उतरताना त्यानं तिला बघून न बघितल्यासारखं केलं होतं. तेवढ्यावरून ती काय समजायचं ते समजली होती.

आंबगाळच्या पंचायतीत बैठक भरली होती. खानापूर तालुक्याच्या त्या टोकाला नवी शाळा व्हायची होती आणि जागा ठरवायला बेळगावहून शिक्षण खात्याच्या विद्युल्लता मॅडम आल्या होत्या. नागेंद्र त्यांच्या हाताखाली नकाशाचं सॉफ्टवेअर चालवायचा. त्यात रस्ते होते, ओढे होते, सरकारी जमिनी होत्या, आणि शाळेच्या रजिस्टरातल्या पत्त्यावर प्रत्येक मुलामागं एक ठिपका होता. जास्तीत जास्त मुलांना कमीत कमी चालावं लागेल अशी जागा सॉफ्टवेअर शोधायचं. त्यानं आंबगाळच्या बसस्टँडमागची जागा काढली होती. आंबगाळात ठिपक्यांची नुसती दाटी झाली होती. ओढ्यापलीकडच्या उकिरडवाडीत ठिपके होते दोन.

वाडीत चाळीसेक पोरं आहेत हे नागेंद्रला चांगलं ठाऊक होतं. पावसाळ्यात ओढा भरला की ती आठ-आठ दिवस घरी बसतात आणि त्यातली किती तरी पुढं शाळेचं नावच काढत नाहीत, हेही ठाऊक होतं. रजिस्टरात दोन सोडून ती सगळी आंबगाळची म्हणून लागलीत, हे त्याला चार दिवसांपूर्वी ऑफिसातच कळलं होतं. सांगायला त्यानं तोंड उघडलंही होतं. पण मॅडम विचारणार, तुम्हाला कसं माहीत? मग सांगावं लागणार, मी तिथलाच. नोकरीच्या अर्जात, बेळगावात खासबागेतल्या घरमालकाला, गेल्या महिन्यात बघून आलेल्या मुलीच्या वडलांना, सगळीकडे त्यानं आपलं गाव आंबगाळच सांगितलं होतं. हायस्कूलात वाडीचं नाव निघालं की पोरं नाक दाबायची. दहावीच्या फॉर्मवर त्यानं ते नाव गाळलं ते कायमचंच. त्यात कुणाचं काय नुकसान, असं त्याला आजवर वाटत आलं होतं.

"आमची लई पोरं हाइत, बाई," बाळाबाई आता मॅडमना सांगू लागली. "आंबगाळात एक साळा हाय की. नवी तेवढी आमच्यात द्या."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. "आजी, रजिस्टरात तुमच्या वाडीची दोनच मुलं आहेत. बाकी सगळ्यांचा पत्ता आंबगाळ." मग त्या वळल्या. "नागेंद्र, तुम्ही तर इथलेच. वाडीत खरंच एवढी मुलं असतील का? असतील तर मी सही थांबवते."

एक 'हो' पुरे होता. सगळे नागेंद्रच्या तोंडाकडे बघत होते. बाळाबाई तेवढी बघत नव्हती. आपण बघितलं तर पोराची पंचाईत होईल म्हणून ती खाली फरशीकडे बघत बसली होती.

"रजिस्टरात तरी नाहीत, मॅडम," नागेंद्र म्हणाला. तेवढ्यावरही थांबला नाही. शुद्ध पुस्तकी बोलीत त्यानं आत्यालाच सुनावलं, "पत्ते तुम्हीच चुकीचे दिलेत. आता आम्ही काय करणार?"

मॅडमनी सही केली. पंचायतीच्या लोकांनी चहा मागवला.

नागेंद्रनं चहा तसाच ठेवला. फोन आल्याचं निमित्त करून तो बाहेर आला. बाळाबाई पायरीवर बसून चपला घालत होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की ती दुसऱ्या कुणावर तरी काढल्याशिवाय त्याला राहवेना.

"आत्ती," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आपली पोरं आंबगाळची म्हनून लावली कुनी? मास्तरानं? नाव सांग त्येचं. सोडत न्हाय मी त्येला."

जवळपास कुणी नाही हे बघून घेऊन बाळाबाई हसली. मघाचं बोलणं तिनं मनाला लावून घेतलेलं दिसत नव्हतं.

"मास्तर कशाला लावतोय रं, नागू? मीच घरोघर फिरून बायास्नी सांगितलं, नाव घालताना वाडीचं सांगू नगासा म्हनून."

"पन का?"

हे काय विचारणं झालं, अशा तोंडानं तिनं त्याच्याकडे बघितलं.

"तू वाडीचं नाव सोडलास आनि सायब झालास न्हवं? आमची पोरंबी तुज्यावानी व्हावीत म्हनून."