उजवा काटा

आमच्या दोन पंख्यांच्या छोट्या टर्बोप्रॉप विमानातली डावी, म्हणजे कॅप्टनची, खुर्ची तेरा वर्षं माझी होती. दरवर्षी द्याव्या लागणाऱ्या उड्डाणाच्या परीक्षेत यंदा मी नापास झालो आणि त्या खुर्चीत आली ती मीच शिकवलेली पोरगी. आता विमान ती चालवणार आणि मी उजवीकडे बसून काट्यांवर डोळा ठेवणार. काटा हलला की मोठ्याने सांगायचं, एवढंच माझं काम. वर ती अजून मला 'सर' म्हणते, ते तर जास्तच झोंबतं. मी तिला एकदाही 'कॅप्टन' म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. आज ढगांच्या वर पोचलो आणि उजव्या इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागला. सोबत, फक्त माझ्या बाजूला असलेला, ते इंजिन किती इंधन पितंय ते दाखवणारा काटाही चढला, म्हणजे गेजचा दोष नाही, इंजिनच तापतंय. शब्द अगदी जिभेवर आला होता. म्हटलं, थांब. बघू तर खरं, बाईसाहेबांच्या कधी लक्षात येतंय. एकदा तरी तोंडघशी पडू दे. मागे चाळीस माणसं चहा पीत होती. काटा पिवळ्या पट्ट्यात शिरला. ती निवांत पुढे बघत होती. मला आतून गुदगुल्या होत होत्या. "सर," ती म्हणाली, "उजवा काटा मघापासून चढतोय. उतरल्यावर गेज बदलायला सांगू या." "गेजच बिघडलंय कशावरून?" "इंजिन खरंच तापलं असतं, तर तुम्ही गप्प बसला असतात का?" काटा लाल रेषेला टेकला. "इंजिन तापलंय, कॅप्टन," मी म्हणालो.