एकशे चार ठोके

"नाडी एकशे चार, मॅडम! नियमित आणि ठसठशीत," प्रणालीने खणखणीत आवाजात सांगितलं. नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ती एकदा आपटली होती. या खेपेलाही आपटली तर वर्ष जाणार होतं, म्हणून काही झालं तरी घाबरल्याचं दाखवायचं नाही, असं ती घरूनच ठरवून आली होती.

परीक्षकबाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "अगं, पंधरा वर्षं मी या रबरी पुतळ्यावर परीक्षा घेतेय. त्याला नाडी आहे हे आजच कळलं."

दारातले शिपाईमामा खोकल्याच्या आडून हसले. प्रणालीने खाली पाहिलं. पुतळ्याच्या मनगटावर तिने बोटांऐवजी अंगठा टेकवला होता.

"मग ही माझीच नाडी, मॅडम," ती न डगमगता म्हणाली. "अंगठ्यात आपली स्वतःची नाडी जोरात उडते. म्हणूनच रुग्णाची नाडी अंगठ्याने मोजायची नसते."

"आणि एकशे चार कशाने? ताप आहे?"

"ताप नाही, मॅडम. समोर तुम्ही आहात."

बाईंनी कागदावर 'पास' लिहिलं. शिपाईमामा पुढच्या मुलीला हाक मारायला निघाले, तेव्हा बाई त्यांना थांबवून म्हणाल्या, "आधी हिला पाणी द्या."